क्यूची लांबी व पवित्रा : स्नूकर

स्नूकरच्या खेळात पांढरा चेंडू ज्या निमुळत्या लाकडी काठीने टोलवितात, तिला क्यू म्हणतात. टोला मारताना खेळाडू ज्या रीतीने पाय रोवून व टेबलावर वाकून उभा राहतो, त्या रीतीस येथे लाठी व कुस्ती यांच्या परिभाषेतील पवित्रा हा शब्द योजला आहे. शिकवणीच्या पुस्तकांत क्यूचा विचार साधनांच्या प्रकरणात आणि पवित्र्याचा विचार तंत्राच्या प्रकरणात केलेला बहुधा आढळतो. वस्तुतः ही दोन्ही एकाच यंत्रणेची अंगे होत. पवित्रा शरीराला स्थिर करतो व क्यूला सरळ जाण्यासाठी वाट मोकळी करून देतो. क्यूची लांबी त्या पवित्र्याला साजेशी नसेल, तर शरीर नकळत वाकडे होऊन ती उणीव भरून काढते. अशा तडजोडीतून जडलेली खोड पुढे अनेक वर्षे टिकते आणि खेळाडू मात्र आपल्या नजरेला किंवा नशिबाला दोष देत राहतो.

स्नूकरचा जन्म भारतात झाला. ब्रिटिश लष्करी अधिकारी नेव्हिल चेंबरलेन याने १८७५ मध्ये जबलपूर येथे बिल्यर्ड्‌स व त्या काळचे पूल हे खेळ एकत्र करून हा खेळ सिद्ध केला, असे सामान्यतः मानतात. पुढे उटकमंड येथील क्लबमध्ये त्याचे नियम स्थिरावले. टेबल मात्र इंग्रजी बिल्यर्ड्‌सचेच राहिले. त्याचे खेळावयाचे क्षेत्र ३·५६९ मी. लांब व १·७७८ मी. रुंद असते आणि जमिनीपासून कडेच्या कुशनपट्टीच्या माथ्यापर्यंतची उंची ८५·१ ते ८७·६ सेंमी. एवढी ठेवावी लागते. ही मापे खेळाडूच्या अंगकाठीप्रमाणे बदलत नाहीत. दहा वर्षांचा मुलगा आणि सहा फूट उंचीचा पुरुष यांना त्याच उंचीच्या टेबलावर, ५२·५ मिमी. व्यासाच्या त्याच चेंडूंनी खेळावे लागते. बदलता येण्याजोग्या गोष्टी दोनच : हातातील क्यू आणि उभे राहण्याची रीत.

क्यूच्या लांबीला नियमाने कमाल मर्यादा घातलेली नाही. किमान मर्यादा ३ फूट, म्हणजे ९१·४ सेंमी. एवढी असून तिच्यामागे एक गमतीची हकिकत आहे. १९३८ साली लंडनच्या थर्स्टन सभागृहात टॉम न्यूमनविरुद्ध खेळताना ॲलेक ब्राउन या खेळाडूचा पांढरा चेंडू लाल चेंडूंच्या घोळक्यात असा अडकला, की नेहमीच्या क्यूने तो मारणे दुरापास्त होते. ब्राउनने बंडीच्या खिशातून सु. पाच इंच लांबीची, टोकाला टिप बसविलेली आबनुसाची लहानशी पट्टी काढली, तिला खडू लावला आणि टोला मारला. न्यूमनने हरकत घेतली व पंचाने तो टोला नियमबाह्य ठरविला. त्यानंतर क्यू तीन फुटांहून आखूड नसावी आणि तिच्या रूढ आकारात मोठा फरक नसावा, असा नियम करण्यात आला. ब्राउनची युक्ती चूक ठरली, तरी तिच्यामागचा विचार मार्मिक होता : जागा अपुरी असेल तेथे लांब काठीचा उपयोग होत नाही.

क्यूची घडण : पुढील दांडा बहुधा ॲश किंवा मॅपल या लाकडाचा असतो व मागील जाड भाग आबनुसासारख्या जड लाकडाचा असतो. टोकाला पितळी कडे व त्यावर चामड्याची टिप बसवितात. टिपेचा व्यास साधारणपणे ९ ते १० मिमी. असतो. एकसंध, मध्यभागी जोड असलेली आणि तीन-चतुर्थांश लांबीवर जोड असलेली असे क्यूचे प्रकार आहेत. वजन बहुधा ४८० ते ५४० ग्रॅ. यांच्या दरम्यान असते आणि तोल मागील टोकापासून सु. ४० ते ४५ सेंमी. अंतरावर साधतो. बाजारात मिळणाऱ्या क्यूंची लांबी बहुतांशी ५७ किंवा ५८ इंच, म्हणजे १४५ ते १४७ सेंमी. असते. हे माप मध्यम उंचीच्या प्रौढ पुरुषाला सोयीचे असल्याने रूढ झाले. त्यापलीकडे त्यात काही शास्त्र नाही.

क्यू निवडण्याचा एक जुना ठोकताळा असा, की ती जमिनीवर उभी धरली असता तिचे टोक खांद्याच्या आसपास यावे. दुकानात वेळ नसेल, तर हा ठोकताळा उपयोगी पडतो, परंतु त्यात एक दोष आहे. तो उंची मोजतो. टोला मात्र हातांनी मारावयाचा असतो. सारख्याच उंचीच्या दोन माणसांच्या पसरलेल्या बाहूंच्या लांबीत बराच फरक असू शकतो. खांद्यांची रुंदी, मान किती वळते, कंबरेतून किती वाकता येते, यांवरही क्यूचा किती भाग प्रत्यक्ष वापरला जाणार हे ठरते. म्हणून क्यूच्या एकूण लांबीपेक्षा तिची कार्यकारी लांबी, म्हणजे मुठीच्या मध्यापासून टिपेपर्यंतचे अंतर, अधिक महत्त्वाची. मुठीच्या मागे उरणारे लाकूड केवळ तोल सांभाळते.

अग्रबाहूचा लंबक : उजव्या हाताने खेळणारा खेळाडू डावा हात टेबलावर टेकवून अंगठा व तर्जनी यांच्या खोबणीतून क्यू सरकवितो. या आधारास ब्रिज म्हणतात. उजवा दंड मागे जवळजवळ स्थिर राहतो आणि कोपरापासून खालचा भाग, म्हणजे अग्रबाहू, घड्याळाच्या लंबकाप्रमाणे मागेपुढे झुलतो. लंबकाचे टोक सरळ रेषेत जात नाही, ते कंसातून जाते. कोपरापासून मुठीपर्यंतचे अंतर ३५ सेंमी. धरले व कोपर अजिबात हलू दिले नाही, तर मूठ २० सेंमी. मागे नेताच ती सु. ६ सेंमी. वर उचलली जाते. क्यूचा मागील भाग असा वर चढतो व पुन्हा उतरतो. हा चढउतार टाळता येत नाही व टाळण्याची गरजही नाही. कंसाचा अगदी तळाचा भाग जवळपास आडवा असतो. टिपेने चेंडूला स्पर्श करण्याचा क्षण त्या तळाशी आला, म्हणजे पुरे. त्या क्षणी अग्रबाहू ओळंब्यात असला पाहिजे, असा याचा व्यवहारातील अर्थ.

तो ओळंब्यात नसेल, तर काय होते हे साध्या हिशेबाने पाहता येईल. मध्यम बांध्याच्या खेळाडूच्या बाबतीत ब्रिजपासून मुठीपर्यंतचे अंतर सु. १०८ सेंमी. आणि ब्रिजपासून चेंडूपर्यंतचे अंतर सु. २५ सेंमी. असते. स्पर्शाच्या क्षणी मूठ कोपराच्या १० सेंमी. पुढे गेलेली असेल, तर ती पुढे जाता जाता वर चढत असते. ब्रिज हा टेकू असल्याने तरफेच्या न्यायाने क्यूचे पुढचे टोक त्याच वेळी खाली उतरते. पुढे सरकणाऱ्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ही उतरण सु. ०·७ मिमी. भरते, शेवटच्या पाच सेंटिमीटरांत ती साडेतीन मिलिमीटरांपर्यंत जाते. चेंडूच्या मध्यावर मारावयाचा टोला त्यामुळे मध्याखाली बसतो व पांढरा चेंडू पुढे जाण्याऐवजी जागीच थबकतो. मूठ कोपराच्या मागे राहिली असेल, तर नेमके उलट घडते. टोक वर चढते आणि मागे फिरविण्यासाठी खाली मारलेला चेंडू मागे येत नाही. ‘स्क्रू लागत नाही’ ही क्लबांतून नेहमी ऐकू येणारी तक्रार पुष्कळदा मनगटाची नसून मुठीच्या जागेची असते.

आता लांबीचा संबंध स्पष्ट होईल. लांब हातांच्या माणसाला आखूड क्यू मिळाली, की तो तिच्या अगदी शेवटी मूठ ठेवतो, तरीही मूठ कोपराच्या पुढेच राहते. मग तो डावा हात कोपरात अधिक दुमडतो, किंवा ब्रिज चेंडूच्या फार जवळ नेतो आणि मागचा झोका आखडतो. आखूड हातांच्या माणसाला लांब क्यू मिळाली, तर त्याने मूठ पुढे सरकवावी हे उघड आहे. पण शेवटी पकडण्याची शिकवण किंवा सवय आड येते. तो खांदा मागे खेचून क्यूच्या शेवटापर्यंत पोचतो, त्याबरोबर छाती वळते व कोपर फटक्याच्या रेषेबाहेर जाते. सरळ उभ्या रेषेतील लंबक तिरका झुलू लागतो. हा दोष पहिल्याहून वाईट. त्याने टोला खालीवर न होता डावीउजवीकडे जातो.

डावीउजवीकडील चुकीची किंमत किती, याची कल्पना पुढील उदाहरणावरून येईल. वरील मापे कायम ठेवून मूठ केवळ २ मिमी. बाजूला सरकली असे समजू. क्यूची दिशा सु. ०·१ अंशाने बदलते. पांढरा चेंडू २ मी. अंतरावरील लक्ष्यचेंडूपाशी पोचेपर्यंत त्याचा मार्ग साडेतीन मिलिमीटरांनी चुकलेला असतो. डोळ्यांना हे कळतही नाही. परंतु दोन गोल चेंडूंच्या स्पर्शात ही चूक अनेक पटींनी वाढते. समोरासमोर मारावयाचा चेंडू जवळजवळ ४ अंशांनी भरकटतो आणि आणखी एक मीटर गेल्यावर त्याचे अंतर साडेसहा सेंटिमीटरांनी चुकते. पॉकेटाचे तोंड सु. ९ सेंमी. रुंद असते; चेंडूची जाडी वजा केली, तर दोन्ही बाजूंस दोन-दोन सेंटिमीटरांहूनही कमी जागा उरते. हिशेब ढोबळ आहे. टिप मध्यापासून सरकल्याने लागणारी फिरकी त्यात धरलेली नाही. ती धरल्यास गणित अधिक बिकट होते. तात्पर्य, मुठीच्या २ मिलिमीटरांना तीन मीटरांवर पॉकेटाहून मोठे मोल येते. पवित्र्याविषयी एवढा काथ्याकूट का करावयाचा, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

पवित्र्याचे प्रकार : रूढ इंग्रजी पवित्र्यात उजवा पाय फटक्याच्या रेषेवर वा तिच्या अगदी जवळ ठेवून गुडघ्यात ताठ राखतात. डावा पाय पुढे व डावीकडे टाकून गुडघ्यात वाकवितात. शरीर काहीसे तिरपे राहते. हा पवित्रा मुष्टियोद्ध्याच्या पवित्र्यासारखा दिसतो. दुसऱ्या प्रकारात दोन्ही पाय जवळजवळ एका ओळीत, खांद्यांएवढे अंतर ठेवून टाकतात आणि छाती टेबलाला बरीचशी समोर येते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून व्यावसायिक खेळाडूंत या चौरस पवित्र्याकडे कल वाढलेला दिसतो. त्यात दोन्ही डोळे रेषेवर सहज येतात व शरीर डावीउजवीकडे कमी डोलते. मात्र मान व कंबर यांवर ताण अधिक पडतो आणि उजवी मांडी क्यूच्या वाटेत येण्याचा संभव असतो. रुंद नितंबांच्या किंवा स्थूल खेळाडूस तिरपा पवित्राच सोयीचा. कोणता पवित्रा श्रेष्ठ, हा वाद निष्फळ आहे. खांद्याला कोणी हलकेच धक्का दिला असता खेळाडू डळमळू नये, क्यू शरीराला कोठेही अडखळू नये आणि टोला मारून झाल्यावर डोके होते तेथेच असावे, या तीन कसोट्यांना उतरणारा कोणताही पवित्रा चालतो. नियमाचे बंधन इतकेच, की टोल्याच्या वेळी किमान एक पाय जमिनीला टेकलेला असला पाहिजे.

पवित्रा घेण्याची सुरुवात वाकण्याने होत नाही. प्रथम ताठ उभे राहून पांढरा चेंडू, लक्ष्यचेंडू व पॉकेट यांची रेषा मनाशी निश्चित करावयाची, उजवा पाय त्या रेषेवर ठेवावयाचा, मग डावा पाय टाकून त्याच रेषेवरून खाली उतरावयाचे, असा क्रम आहे. आधी वाकून मग बाजूला सरकत रेषा शोधणारा खेळाडू पाय चुकीच्या जागी ठेवून केवळ कंबरेतून वळतो. त्याची क्यू रेषेवर दिसते, पण कोपर रेषेवर नसते.

उंच माणसाला टेबल बसके पडते. त्याने एकतर पाय अधिक फाकवावेत किंवा दोन्ही गुडघे वाकवावेत. पाय ताठ ठेवून केवळ पाठ वाकविणाऱ्याला तासाभरात कंबरदुखी जाणवू लागते व दमल्यावर त्याचे डोके प्रत्येक टोल्यागणिक वर येते. ठेंगण्या माणसाची अडचण निराळी. त्याला वाकावे थोडे लागते, परंतु पोच कमी असल्याने तो टाचा उंचावतो, अंग टेबलावर लोटतो व वजन पुढच्या हातावर टाकतो. ब्रिजवर शरीराचा भार आला, की बोटे पसरतात आणि खोबणी ढिली पडते. अशा खेळाडूने पोच वाढविण्यासाठी लांब क्यू घ्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. टेबलाच्या मध्यावरील चेंडूसाठी लांबीचा फायदा होतो. पण एका फ्रेममध्ये असे चेंडू थोडेच येतात. उरलेले सर्व टोले त्या लांबीची किंमत मोजून मारावे लागतात.

नजर व डोक्याची जागा : आजच्या पद्धतीत हनुवटी क्यूला जवळजवळ टेकलेली असते, क्यू ब्रिज, छाती, हनुवटी व मूठ अशा चार ठिकाणी शरीराला स्पर्श करते. हे चार बिंदू एका रेषेत ठेवणे हा पवित्र्याचा खरा हेतू होय. बिल्यर्ड्‌सच्या जुन्या खेळाडूंचा पवित्रा अधिक ताठ असे. त्या खेळात तीनच चेंडू असून जवळच्या अंतरावरील नाजूक टोल्यांना महत्त्व आहे. चेंडूंचा परस्परसंबंध वरून पाहणे तेथे उपयोगी पडते. स्नूकरमध्ये दूरचा चेंडू अचूक घालणे अपरिहार्य असल्याने डोके खाली आले.

हनुवटीच्या मधोमध क्यू असावी, हा पाठ मात्र सर्वांना लागू पडत नाही. बहुतेक माणसांचा एक डोळा दुसऱ्याहून प्रभावी असतो व नजर त्याच्याशी जुळवून घेते. १९२७ पासून १९४६ पर्यंत झालेल्या पंधराही जागतिक स्पर्धा जिंकणारा इंग्रज खेळाडू जो डेव्हिस (१९०१–७८) याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी अधू होती. उजव्या हाताने खेळत असूनही त्याची क्यू डाव्या डोळ्याखालून जात असे. ग्रॅहॅम माइल्सची क्यू तर त्याहूनही डावीकडे, कानाकडे झुकलेली दिसे. क्यू बाजूला गेली, की मान वळते, मान वळली की खांदे फिरतात आणि खांदे फिरले, की मुठीची जागा बदलते. त्यामुळे डोळ्यांच्या सवयीचा परिणाम अखेर क्यूच्या कार्यकारी लांबीवर होतो. जो डेव्हिसचे पुस्तक वाचून पुढे सहा वेळा जगज्जेता झालेला स्टीव्ह डेव्हिस घडला. दोघांचे आडनाव एक असले, तरी नाते नाही. गुरूचा पवित्रा त्याच्या अधू डोळ्याभोवती बेतलेला होता. पुस्तकातून शिष्यापर्यंत पोचले ते त्यामागील तत्त्व.

चष्मा लावणाऱ्यांची अडचण याच जातीची आहे. डोके खाली झुकविल्यावर नजर भुवयांखालून वर लागते व साध्या चष्म्याची चौकट नेमकी आड येते. अशा वेळी खेळाडू नकळत मान उचलतो आणि पवित्रा मोडतो. जोचा धाकटा भाऊ फ्रेड डेव्हिस याने हलत्या भिंगांचा चष्मा वापरून हा प्रश्न सोडविला. उत्तर आयर्लंडच्या डेनिस टेलरने उलटा लावल्यासारखा दिसणारा, उंच भिंगांचा चष्मा करवून घेतला. त्या चष्म्याची पुष्कळ चेष्टा झाली; परंतु १९८५ च्या जागतिक अंतिम सामन्यात अखेरच्या काळ्या चेंडूवर स्टीव्ह डेव्हिसला १८–१७ असे हरविले, तेव्हा टेलरच्या नाकावर तोच चष्मा होता.

अपवाद अर्थातच आहेत. १९७२ व १९८२ साली जगज्जेता झालेल्या ॲलेक्स हिगिन्सचे डोके व धड टोल्याबरोबर उसळत असे. त्याच्यावरून नियम खोटा ठरत नाही. टिपेचा चेंडूला स्पर्श होऊन गेल्यावर शरीर हलले, तर चेंडूवर त्याचा परिणाम होण्याचे कारण नाही. ज्याला तो क्षण अचूक साधतो, त्याला नंतरची हालचाल क्षम्य आहे. हिगिन्सचे अनुकरण करणाऱ्या तरुणांना तो क्षण साधत नाही, उसळणे तेवढे साधते.

लांबी बदलण्याचे उपाय : कुशनला चिकटलेला चेंडू मारताना क्यूचा मागील भाग उचलावा लागतो व ब्रिजला जागा उरत नाही. येथे मूठ दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे घेणे हाच उपाय आहे. ब्रिज व चेंडू यांतील अंतर घटले, त्या प्रमाणात मुठीची जागाही पुढे यावयास हवी, एरवी अग्रबाहू ओळंब्यात राहत नाही. उचललेल्या क्यूने चेंडूच्या एका बाजूस मारल्यास त्याचा मार्ग वक्र होतो. म्हणून अशा टोल्यात शक्यतो मध्य सोडू नये. लांबच्या चेंडूसाठी टोकाला फुली असलेला रेस्ट, उंच कमानीचा स्पायडर आणि लांबलचक हाफ-बट ही साधने असतात. क्यूच्या मागे स्क्रूने बसविण्याची जोडकांडीही आता सर्रास वापरली जाते. तिने लांबी वाढते तसाच तोलही मागे सरकतो व पुढचे टोक हलके वाटू लागते, हे ध्यानात ठेवावे लागते. रॉनी ओसलिव्हनसारखा खेळाडू रेस्ट न घेता सरळ डाव्या हाताने खेळतो. १९९६ च्या जागतिक स्पर्धेत त्याचा कॅनेडियन प्रतिस्पर्धी आलँ रॉबिदू याला हा आपला अपमान वाटला होता. तंत्राच्या दृष्टीने पाहता त्यात अपमानास्पद काही नाही. अपरिचित लांबीच्या साधनापेक्षा परिचित क्यू व उलटा पवित्रा पसंत करणे हा एक रास्त पर्याय आहे.

लांब क्यू कापून घेणे हा सोपा उपाय वाटतो. मागील जाड बाजूने ५ सेंमी. लाकूड काढले, तर जड लाकडाचे साधारण ३० ग्रॅ. वजन कमी होते व तोल पुढे सरकतो. हातात जणू निराळीच क्यू येते. मागे शिशाचा तुकडा बसवून ही तूट भरून काढता येते. पुढील बाजूने कापल्यास टोक जाड होते व ते तासावे लागते. दोन्ही कामे जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावीत. क्यूशी हाताचा झालेला परिचय किती खोल असतो, याचे उदाहरण म्हणून स्कॉटलंडच्या स्टीव्हन हेंड्रीकडे बोट दाखविता येईल. बालपणी स्वस्तात घेतलेल्या क्यूने त्याने सात जागतिक विजेतेपदे मिळविली. २००३ मध्ये विमानप्रवासात ती मोडली. नव्या क्यूने त्याने पुढेही स्पर्धा जिंकल्या, मात्र जागतिक विजेतेपद पुन्हा मिळाले नाही. त्याचे सारे कारण क्यूवर लादणे योग्य होणार नाही; वय व प्रतिस्पर्धीही बदलले होते.

महाराष्ट्राच्या संदर्भात : पुणे व मुंबई येथील जिमखाने आणि क्लब यांतून बिल्यर्ड्‌सचे व नंतर स्नूकरचे अनेक श्रेष्ठ खेळाडू पुढे आले. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स याने १९५८ व १९६४ मध्ये आणि मुंबईच्या मायकेल फरेरा याने १९६४ नंतरच्या दोन दशकांत बिल्यर्ड्‌सची जागतिक हौशी विजेतेपदे मिळविली. स्नूकरचे तसे पहिले भारतीय विजेतेपद ओम अगरवाल याने १९८४ मध्ये डब्लिन येथे जिंकले. पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणीने पुढे दोन्ही खेळांत जगज्जेतेपदे मिळविली. बिल्यर्ड्‌सचा टोला व स्नूकरचा टोला यांत एकाच खेळाडूने सहज ये-जा करणे किती अवघड आहे, हे वरील विवेचनावरून लक्षात यावे.

या क्लबांतून नवशिक्याला पहिले धडे बहुधा मार्कर देतो, म्हणजे गुण मांडणारा व टेबलाची देखभाल करणारा सेवक. त्याचा अनुभव मोठा असतो व त्याची नजर तयार असते. परंतु भिंतीवरील घोडीत लावलेल्या क्यू सर्व जवळपास एकाच लांबीच्या असतात आणि शिकणाऱ्याला त्यांतूनच एक उचलावी लागते. बारा-तेरा वर्षांची मुले किंवा ठेंगण्या बांध्याच्या मुली ५८ इंची क्यूचे अगदी शेवटचे टोक पकडून, खांदा मागे ओढून खेळताना प्रस्तुत लेखकाने अनेकदा पाहिल्या आहेत. ‘शेवटी पकड’ हा त्यांना मिळालेला पाठ मोठ्या माणसासाठी बरोबर असतो. दोन-चार वर्षांत मूल वाढते व क्यू त्याच्या मापाची होते, खांदा मात्र मागेच ओढलेला राहतो.

म्हणून नवशिक्याच्या बाबतीत क्रम उलटा ठेवणे श्रेयस्कर. प्रथम पवित्रा पक्का करावा, लांबी त्यानंतर ठरवावी. कोणतीही क्यू हाती देऊन खेळाडूला टेबलावर सरळ टोल्यासाठी वाकावयास सांगावे. ब्रिज चेंडूपासून २५ ते ३० सेंमी. मागे व टिप चेंडूला जवळजवळ टेकलेली असावी. डावा हात सैल, किंचित दुमडलेला किंवा सरळ, जसा त्याला सुखाचा वाटेल तसा असू द्यावा. दुसऱ्याने बाजूला उभे राहून गवंड्याचा ओळंबा कोपराच्या टोकापाशी धरावा व दोरी मुठीच्या मध्यावरून जाईपर्यंत मूठ क्यूवर मागेपुढे सरकवावी. तेथे खडूने खूण करावी. खुणेपासून टिपेपर्यंतचे अंतर अधिक मुठीची अर्धी रुंदी अधिक तीन ते आठ सेंटिमीटर, एवढी त्या खेळाडूची क्यू असावी. खूण शेवटापासून फार पुढे आली, तरी लगेच करवत घेऊ नये. वाढत्या वयाच्या मुलाला तात्पुरती आखूड क्यू द्यावी, किंवा लांब क्यूवर त्या खुणेपाशी रबराचे कडे चढवून मूठ तेथेच ठेवण्यास शिकवावे. मागे दहा-बारा सेंटिमीटर लाकूड उरल्याने टोक जरा हलके वाटेल, पण त्याची सवय लवकर होते. ओळंब्याची ही तपासणी दर सहा महिन्यांनी पुन्हा करावी व कडे मागे सरकवीत न्यावे.